विष नव्हे, विषाणू : घरातील मांजरांचा पॅनल्युकोपेनिया रोग

शेतवस्तीवर, धान्याच्या कोठारापाशी किंवा प्रक्षेत्रावरील वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांत मांजर बहुधा कोणी मुद्दाम आणलेले नसते. ते आपणहून येते, उंदीर धरते, बारदानाच्या ढिगावर विते आणि हळूहळू घरचे होऊन जाते. गाय किंवा म्हैस आजारी पडली तर पशुवैद्यकाला बोलावले जाते, कुत्र्याला रेबीजची लस टोचली जाते; मांजराच्या आरोग्याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यामुळे एखाद्या आठवड्यात घरातली पिल्ले एकामागून एक मरू लागली, की कारण शोधण्याऐवजी संशयित शोधला जातो आणि "कोणीतरी विष घातले" असा निष्कर्ष काढून सर्व मोकळे होतात.

प्रस्तुत लेखक कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे, पशुवैद्यक नव्हे. तरीही हा विषय हाती घेण्यास एक घटना कारण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत, बियाणे कोठाराच्या ओसरीवर व्यालेल्या मांजरीची चार पिल्ले सुमारे तीन महिन्यांची झाली होती. एकाच आठवड्यात त्यांपैकी तीन दगावली. त्याच आठवड्यात कोठाराभोवती उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले होते आणि ती शिफारस आमच्याच विभागाची होती. आमिष ठेवणाऱ्या मजुराकडे सर्वांनी बोट दाखवले. त्यात आम्हीही होतो. चौथ्या पिल्लाची विष्ठा तपासल्यानंतर पशुवैद्यकांनी सांगितले, की ही विषबाधा नसून पार्व्हो गटातील विषाणूचा रोग आहे. त्या मजुराची आम्हाला क्षमा मागावी लागली.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. चौथे पिल्लूही गेल्यानंतर सहा आठवड्यांनी, ओसरी फिनाईलने धुऊन, आम्ही दुसरीकडून एक पिल्लू आणले. ते दहाव्या दिवशी मेले. विषाणू यजमानाच्या शरीराबाहेर किती काळ टिकतो, हा प्रश्न किडींच्या विषाणूंबाबत आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो होतो. स्वतःच्या ओसरीबाबत तो विचारला नव्हता. या प्रश्नाचे उत्तर वाचकांना वेळेवर मिळावे, हा या लेखाचा हेतू आहे.

रोगाचे नाव आणि कारण

पॅनल्युकोपेनिया हे नाव ग्रीक शब्दांपासून बनले आहे. 'पॅन' म्हणजे सर्व, 'ल्युको' म्हणजे पांढरे आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. या रोगात रक्तातील सर्व प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून हे नाव. काही ठिकाणी यास 'मांजरांचा डिस्टेंपर' असेही म्हटले जाते. परंतु कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सर्वस्वी वेगळा, गोवराच्या विषाणूचा नातेवाईक आहे. या दोन रोगांचा परस्परांशी संबंध नाही.

मांजरांचा हा संसर्गजन्य जठरांत्रदाह जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणाऱ्या घटकामुळे, म्हणजेच विषाणूमुळे होतो, असे १९२८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. पेशी-संवर्धनात हा विषाणू वेगळा करण्याचे काम १९६४ मध्ये झाले. विशेष म्हणजे, तो प्रथम वेगळा करण्यात आला तो एका आजारी बिबट्यापासून.

हा विषाणू पार्व्होव्हिरिडी या कुलातील आहे. लॅटिनमध्ये 'पार्व्हस' म्हणजे लहान. त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ४०,००० कण ओळीने मावतील. त्याच्या आत एकसरी डीएनएचा जेमतेम ५,००० घटकांचा धागा असतो आणि बाहेर प्रथिनांचे घट्ट कवच. कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना हे कुल अपरिचित नाही. मधमाश्यांच्या पोळ्यांची नासाडी करणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्यांत १९६४ मध्येच याच कुलातील एक विषाणू आढळला. पुढे अशा विषाणूंना डेन्सोव्हायरस हे नाव मिळाले आणि रेशीम किड्यांत रोग निर्माण करणारे डेन्सोव्हायरसही सापडले.

मांजराच्या विषाणूची एक रचना येथे ध्यानात ठेवावयाची आहे. कोरोना विषाणूच्या कवचावर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण व अल्कोहोल ते आवरण विरघळवतात आणि विषाणू निकामी होतो, हे महासाथीच्या काळात सर्वांना ठाऊक झाले. पार्व्हो विषाणूला असे आवरणच नाही. त्यामुळे हातावर चोळण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण त्यास विशेष इजा करीत नाही. साबणाने तो मरत नाही. केवळ पाण्याबरोबर काही प्रमाणात धुऊन निघतो.

प्रसार : विषाणू जागेत राहतो

आजारी मांजराच्या विष्ठेतून, उलटीतून, मूत्र आणि लाळेतून विषाणू बाहेर पडतो. त्यात विष्ठेतील प्रमाण सर्वाधिक असते. बरे झालेले मांजरही सुमारे सहा आठवड्यांपर्यंत तो बाहेर टाकू शकते. निरोगी मांजराच्या शरीरात तो तोंडावाटे किंवा नाकावाटे शिरतो. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवणारा प्राणी असल्याने पंजाला किंवा केसांना लागलेली धूळ थेट पोटात जाते.

मात्र या रोगाचे खरे वैशिष्ट्य असे, की संसर्गासाठी दोन मांजरांची गाठ पडण्याची आवश्यकता नसते. विष्ठेच्या सूक्ष्म कणांत मिसळलेला हा विषाणू सामान्य तापमानाला घरातल्या आडोशाच्या जागी एक वर्षापर्यंत टिकू शकतो. बारदान, पिंजरा, खाण्याची वाटी, फरशीची सांध, चपलांचे तळवे आणि आपले हात ही त्याची वाहने आहेत. कधीही घराबाहेर न गेलेल्या मांजरालाही हा रोग होतो. कारण मांजर बाहेर गेले नसले तरी घरातील माणसे बाहेर जातात.

हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी एनपीव्ही अर्थात बहुभुजी विषाणूची फवारणी करणाऱ्या वाचकांना ही गोष्ट सहज उमगेल. विषाणूने मेलेली अळी फांदीवर उलटी लटकते, फुटते आणि तिच्यातील विषाणूचे कण पानांवर व मातीत पडतात. उन्हातील अतिनील किरणांनी ते नष्ट होऊ नयेत म्हणून आपण सायंकाळी फवारणी करतो, द्रावणात नीळ मिसळतो. मातीत, सावलीत राहिलेले कण मात्र दीर्घकाळ जिवंत राहतात आणि पुढच्या पिढीतील अळीची वाट पाहतात. घाटे अळीचा विषाणू आणि मांजराचा विषाणू यांची कुळे भिन्न आहेत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही आणि एनपीव्हीमुळे मांजरास कोणताही धोका नाही. परंतु टिकून राहून वाट पाहण्याची दोघांची रीत सारखीच आहे.

कीटकांच्या भूमिकेविषयीही दोन शब्द. मांजराच्या अंगावरील पिसवा आणि घरमाश्या आपल्या शरीरावरून हा विषाणू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊ शकतात. मात्र डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी वाढतात तसा हा विषाणू पिसवांत किंवा माश्यांत वाढत नाही. ती केवळ यांत्रिक वाहतूक असते. म्हणून पिसवांचे नियंत्रण जरूर करावे, पण चपला आणि हात यांच्याकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे. हा विषाणू माणसास रोगबाधा करीत नाही, त्यामुळे आजारी मांजराची शुश्रूषा करण्यास घाबरण्याचे कारण नाही.

शरीरात काय घडते

इतक्या लहान विषाणूजवळ स्वतःच्या प्रती काढण्याची पुरेशी सामग्री नसते. ती त्याला विभाजन पावणाऱ्या पेशींतच मिळते. त्यामुळे शरीरात जेथे जेथे पेशी वेगाने विभागतात, तेथे तेथे तो हल्ला करतो. रोगाची सर्व लक्षणे या एका सूत्राने उलगडतात.

प्रवेशानंतर पहिल्या दिवसभरात विषाणू घशातील लसिका पेशींत वाढतो आणि तेथून रक्तावाटे सर्वत्र पसरतो. अस्थिमज्जा हे रक्तपेशींच्या निर्मितीचे केंद्र. तेथील पेशी मरतात आणि पांढऱ्या पेशींचा पुरवठा थांबतो. निरोगी मांजराच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे ५,५०० ते १९,५०० पांढऱ्या पेशी असतात. तीव्र आजारात ही संख्या काही शेकड्यांवर येऊ शकते.

दुसरा हल्ला लहान आतड्यावर होतो. आतड्याच्या अस्तरावरील रसांकुर अन्नरस शोषून घेतात. त्यांच्यावरील पेशी सतत झिजत असतात आणि रसांकुरांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांतून नव्या पेशी वर येत असतात. विषाणू या खळग्यांतील पेशीच मारतो. जुने झडते आणि नवे येत नाही, त्यामुळे रसांकुर खुरटतात, अस्तर उघडे पडते, पाणी व क्षार शरीराबाहेर जाऊ लागतात. आतड्यातील जिवाणू उघड्या अस्तरातून रक्तात शिरतात. नेमक्या याच वेळी त्यांचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी उरलेल्या नसतात. मांजराचा मृत्यू बहुधा या दुहेरी आघाताने, म्हणजे निर्जलीकरण आणि जिवाणूंचा रक्तसंसर्ग यांमुळे होतो.

गाभण मांजरीला संसर्ग झाल्यास गर्भ विरघळतो, गर्भपात होतो किंवा मृत पिल्ले जन्मतात. जन्माच्या सुमारास मात्र आणखी एक अवयव वेगाने वाढत असतो, तो म्हणजे शरीराचा तोल सांभाळणारा अनुमस्तिष्क. गर्भावस्थेच्या अखेरीस किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत संसर्ग झाल्यास त्याची वाढ खुंटते. अशी पिल्ले चालू लागली की पाय फाकवून, झुलत चालतात आणि वाटीकडे तोंड नेताना त्यांचे डोके थरथरते. ही थरथर वयाबरोबर वाढत नाही, दुखत नाही. असे मांजर बंदिस्त, सुरक्षित घरात पूर्ण आयुष्य चांगले जगू शकते. त्याला 'वेडे' समजून टाकून देऊ नये.

लक्षणे

संसर्गानंतर साधारणपणे २ ते १० दिवसांत लक्षणे दिसतात. तीन ते पाच महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लांत रोग सर्वाधिक तीव्र असतो.

- सुरुवातीला ४० ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत ताप, सुस्ती आणि अन्नावरची वासना पूर्णपणे जाणे.
- वारंवार उलट्या. काही खाल्लेले नसतानाही पिवळसर, पित्तमिश्रित पाणी पडते.
- एक-दोन दिवसांनी जुलाब. काही वेळा त्यात रक्त असते. सर्वच मांजरांना जुलाब होतात असे नाही.
- पाण्याच्या वाटीवर मान टाकून तासन्‌तास बसणे, पण पाणी न पिणे.
- त्वचेची चिमूट सोडल्यावर ती सावकाश खाली बसणे. हे निर्जलीकरणाचे चिन्ह होय.
- अखेरच्या अवस्थेत अंग थंड पडणे.

काही पिल्लांत रोग इतका झपाट्याने वाढतो, की सायंकाळी किंचित मलूल वाटलेले पिल्लू सकाळी मेलेले आढळते. विषप्रयोगाचा संशय बहुधा येथेच जन्म घेतो. दुसरीकडे, पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या प्रौढ मांजरांत लक्षणेच दिसत नाहीत. त्यामुळे 'आई धडधाकट आहे आणि पिल्लेच मेली, म्हणजे पिल्लांनी काही तरी खाल्ले', असा तर्क केला जातो. वास्तविक आई पूर्वीच्या संसर्गामुळे सुरक्षित असते.

रोग की विषबाधा?

शेतवस्तीवर उंदरांसाठी मुख्यतः झिंक फॉस्फाइडचे २ टक्के आमिष किंवा ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के आमिष वापरले जाते. मांजरास त्यांपासून धोका आहेच. म्हणून आमिष बिळाच्या आत ठेवावे आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. परंतु या विषबाधांची चिन्हे वेगळी असतात. झिंक फॉस्फाइडची लक्षणे बहुधा काही तासांतच दिसतात : श्वास लागणे, अस्वस्थता, झटके आणि उलटीला लसणासारखा उग्र वास. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. त्यामुळे काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडणे, नाकातून किंवा विष्ठेवाटे रक्त जाणे, धाप लागणे असे प्रकार दिसतात. तीव्र ताप, त्यानंतर उलट्या व जुलाब आणि काही दिवसांच्या अंतराने एकेक पिल्लू आजारी पडणे हा क्रम मात्र संसर्गाकडे निर्देश करतो.

खात्री केवळ तपासणीनेच होते. कुत्र्यांच्या पार्व्हो रोगासाठी पशुवैद्यकांकडे असणारा विष्ठा-तपासणीचा संच मांजरांसाठीही उपयोगी पडतो आणि काही मिनिटांत निष्कर्ष देतो. निष्कर्ष नकारार्थी आला तरी रोग नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही; अशा वेळी रक्तातील पांढऱ्या पेशींची मोजणी किंवा पीसीआर चाचणी करावी. एखाद्या माणसावर आरोप ठेवण्यापूर्वी विष्ठेचा नमुना तपासून घेणे, हे मांजराइतकेच शेजारधर्माच्याही हिताचे आहे.

उपचार

या विषाणूस थेट मारणारे खात्रीचे औषध सामान्य उपचारात उपलब्ध नाही. उपचाराचा उद्देश मांजराला काही दिवस तगवून धरणे हा असतो. तेवढ्या अवधीत त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती विषाणूवर मात करू शकते. शिरेवाटे सलाईन व क्षार, उलटी थांबवणारी औषधे, जिवाणूंचा रक्तसंसर्ग रोखण्यासाठी प्रतिजैविके, शरीराची ऊब आणि उलटी थांबताच थोडे थोडे अन्न, असे त्याचे स्वरूप आहे. उपचार न मिळालेल्या पिल्लांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. पहिले पाच दिवस निभावलेली मांजरे बहुधा बरी होतात आणि त्यांना दीर्घकाळ, बहुतेकदा आयुष्यभर टिकणारी प्रतिकारशक्ती लाभते. म्हणून पहिल्या उलटीनंतरचा दिवस वाट पाहण्यात घालवू नये.

घरगुती उपचारांतील दोन चुका प्राणघातक ठरतात. पहिली म्हणजे ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देणे. हे औषध निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची यकृतातील एक प्रमुख रासायनिक वाट मांजरांत अत्यंत दुर्बल असते. माणसासाठीची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. दुसरी चूक आमच्या क्षेत्रातील आहे. आजारी मांजराच्या अंगावर पिसवा दिसल्या म्हणून परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी कीटकनाशके किंवा कुत्र्यांसाठीची पिसूनाशके अंगावर लावली जातात. मांजराचे शरीर या रसायनांचाही निचरा नीट करू शकत नाही. विशेषतः परमेथ्रिनमुळे थरथर, झटके आणि मृत्यू ओढवतो. पिसवांसाठी मांजरांकरिताच बनवलेले औषध, तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

मॅरियन बेटाचा धडा

या विषाणूची मारकता आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एका दूरच्या बेटावर स्पष्ट झाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या अखत्यारीतील मॅरियन हे बेट दक्षिण ध्रुवाच्या दिशेने, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात आहे. तेथील हवामान केंद्रातील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी १९४९ मध्ये पाच मांजरे नेण्यात आली. त्यांची संतती रानटी झाली आणि १९७७ पर्यंत सुमारे ३,४०० वर पोहोचली. ही मांजरे बिळांत घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांचा दरवर्षी लाखोंच्या संख्येने फडशा पाडू लागली. तेव्हा जैविक नियंत्रणाचा उपाय म्हणून १९७७ मध्ये पॅनल्युकोपेनियाचा विषाणू तेथे मुद्दाम सोडण्यात आला. या रोगाशी पूर्वी गाठ न पडलेल्या त्या मांजरांची संख्या १९८२ पर्यंत सुमारे ६०० वर आली.

परंतु विषाणूने त्यांचा निर्वंश केला नाही. वाचलेल्या मांजरांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि घट मंदावली. अखेर शिकार व सापळे यांची जोड द्यावी लागली आणि १९९१ मध्ये बेट मांजरमुक्त झाले. जैविक नियंत्रणाच्या अभ्यासकास या कथेत यश दिसेल; मांजर पाळणाऱ्याने त्यातून वेगळा निष्कर्ष काढावा. प्रतिकारशक्ती नसलेल्या मांजरांसाठी हा विषाणू काळ आहे, आणि ज्यांच्याजवळ ती आहे त्यांना तो मारू शकत नाही. ती प्रतिकारशक्ती आजाराविना मिळवण्याचा मार्ग म्हणजे लस.

लसीकरण

वासराप्रमाणेच मांजराच्या पिल्लालाही आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. त्यांचे प्रमाण सुमारे दर दहा दिवसांनी निम्मे होते. म्हणजे साठ दिवसांनी मूळ साठ्याचा चौसष्टावा भाग उरतो. आईकडून साठा किती मिळाला, यावर तो कधी संपेल हे अवलंबून असते. येथे एक अडचण उद्भवते. प्रतिपिंडे विषाणूला रोखण्यास अपुरी पडू लागतात, तरीही लशीतील विषाणूला निष्प्रभ करण्याइतकी ती शिल्लक असतात, असा काही दिवसांचा काळ मध्ये येतो. त्या काळात दिलेली लस वाया जाते आणि पिल्लू उघडे राहते. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या वयात येत असल्याने एका मात्रेवर विसंबता येत नाही.

म्हणून पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात, त्यानंतर दर ३ ते ४ आठवड्यांनी पुढील मात्रा, आणि अखेरची मात्रा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर, असा क्रम ठेवतात. वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक मात्रा द्यावी. त्यानंतर या रोगासाठी तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने लस देण्याची गरज सहसा नसते. आपल्याकडे मिळणाऱ्या संयुक्त लशीत या रोगाबरोबरच मांजरांच्या दोन श्वसनरोगांविरुद्धचे घटक असतात. त्यांच्या पुढील मात्रांविषयी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. रेबीजची लस स्वतंत्रपणे द्यावी लागते. गाभण मांजरीला आणि चार आठवड्यांखालील पिल्लांना जिवंत विषाणूची लस देऊ नये. अनुमस्तिष्काच्या वाढीस तिच्यामुळे बाधा येऊ शकते.

जागेचे निर्जंतुकीकरण

घरोघरी वापरले जाणारे फिनाईल या विषाणूवर भरवशाचे नाही. शिवाय फिनॉलयुक्त द्रावणे मांजरासाठी विषारी असतात. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटल्यानेही अपाय होतो. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीच, हा सहज मिळणारा प्रभावी उपाय आहे.

१. आजारी मांजराचे बारदान, पुठ्ठे, चिंध्या, विष्ठेची माती जाळून टाकावी.
२. फरशी, वाट्या व पिंजरा प्रथम साबणाच्या पाण्याने घासून धुवावा. विष्ठेचा किंवा धुळीचा थर राहिल्यास ब्लीचची शक्ती त्यातच खर्ची पडते.
३. ६ टक्के तीव्रतेचे ब्लीच असल्यास १ भाग ब्लीच व ३० भाग पाणी, ४ टक्क्यांचे असल्यास १ भाग ब्लीच व २० भाग पाणी असे द्रावण करावे. ताजी ब्लीचिंग पावडर असल्यास लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम घ्यावी.
४. पृष्ठभाग किमान १० मिनिटे ओला राहील असे पाहावे, मग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावा. वाळेपर्यंत मांजरांना तेथे येऊ देऊ नये.
५. द्रावण रोज ताजे करावे. त्यात आम्ल किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे द्रव कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.
६. चपलांचे तळवे आणि केरसुणी विसरू नये.

मातीची जमीन, शेणाने सारवलेली ओसरी आणि लाकडी फळ्या ब्लीचने निर्धोक होत नाहीत. अशा जागी ऊन आणि काळ हेच दोन उपाय. ज्या घरात या रोगाने मांजर दगावले, तेथे पुढील वर्षभर लस न दिलेले पिल्लू आणू नये. मांजर हवेच असल्यास लसीकरण पूर्ण झालेले, अखेरच्या मात्रेनंतर किमान दोन आठवडे उलटलेले मांजर आणावे. आम्ही सहा आठवडे थांबलो होतो आणि ते पुरेसे नव्हते.

कुंपणापलीकडे

मांजराचा विषाणू घरापुरता राहत नाही. वाघ, सिंह, बिबट्या, रानमांजर असे मार्जार कुलातील सर्वच प्राणी त्यास बळी पडू शकतात. २०२३ मध्ये बंगळूरूजवळील बन्नेरघट्टा जैविक उद्यानात बिबट्याची सात पिल्ले याच रोगाने दगावली. महाराष्ट्रात जुन्नर, अकोले परिसरातील उसाच्या फडांत बिबटे राहतात, तेथेच वितात आणि त्यांच्या आहारात गावातील कुत्री व मांजरे यांचा मोठा वाटा असतो. अशा गावांत मांजराला दिलेली लस केवळ त्या मांजरापुरती राहत नाही.

याचे एक उलट उदाहरणही आहे. कुत्र्यांचा पार्व्हो रोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस उद्भवला, तो मांजराच्या या विषाणूशी अत्यंत निकटचे नाते असलेल्या विषाणूत झालेल्या मोजक्या बदलांतून. आणि दोन वर्षांच्या आत तो जगभर पसरला. त्याचे पुढील प्रकार आता मांजरांनाही बाधू शकतात. म्हणून घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असल्यास दोघांचेही लसीकरण करावे.

आमच्या कोठाराच्या ओसरीवर त्यानंतर पूर्ण वर्षभर मांजर नव्हते. आज तेथे एक मांजरी आहे. तिचे लसीकरण पूर्ण झाले आहे, तिची नोंद कोठाराच्या साठा-वहीच्या शेवटच्या पानावर ठेवली आहे, आणि पुढील मात्रेची तारीख लक्षात ठेवण्याचे काम त्याच मजुराने स्वतःकडे घेतले आहे.